मूसीकाठचा कारभार

२६ सप्टेंबर २०२५च्या रात्री हैदराबादच्या महात्मा गांधी बस स्थानकात मूसी नदी शिरली. नांदेड, लातूर, सोलापूरच्या एसटी गाड्या जिथे जाऊन थांबतात ते हेच स्थानक. शहरात त्याला एमजीबीएस म्हणतात, जुनी माणसं अजून इमलीबन म्हणतात. वरच्या उस्मानसागर आणि हिमायतसागर या जलाशयांचे दरवाजे उचलले होते, तीस हजार क्युसेकच्या वर पाणी खाली येत होतं, आणि दसऱ्यासाठी गावी निघालेली माणसं सामानसुमानासह फलाटावर अडकून पडली होती. आपत्ती पथकांनी त्यांना बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी गाड्या शहराच्या कडेच्या नाक्यांवरून सोडाव्या लागल्या. चादरघाटचा खालचा पूल आणि मूसारामबागचा पूल वाहतुकीला बंद झाले.

त्याच आठवड्यात सीना आणि मांजरा आपापल्या काठची उभी पिकं घेऊन चालल्या होत्या. मराठवाड्यातल्या माणसाला तेव्हा हैदराबादकडे बघायला सवड नव्हती.

पण हैदराबादेत पुढच्या तीन दिवसांत जे घडलं ते नोंदवून ठेवण्यासारखं आहे. २८ सप्टेंबरला, नदीपासून फार लांब नसलेल्या अंबरपेटमध्ये मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांनी एका तळ्याचं उद्घाटन केलं. त्याचं नाव बतुकम्मा कुंटा. वर्षभरापूर्वी तिथे राडारोडा आणि झुडपं होती. दुसऱ्या दिवशी, २९ तारखेला, महापालिकेच्या पाच रुपयांत जेवण देणाऱ्या केंद्रांवर सकाळची न्याहारीही मिळू लागली. आणि ३० तारखेच्या संध्याकाळी, बतुकम्मा सणाच्या शेवटी, बायकांनी फुलांचे थर डोक्यावर घेऊन तळ्यांकडे पावलं वळवली.

या अंकासाठी संपादकांनी ‘शहराचा कारभार’ हा विषय दिला तेव्हा पुण्या-मुंबईऐवजी हैदराबाद मला सुचलं ते या दिवसांमुळे. दुसरंही कारण आहे. १ नोव्हेंबर १९५६पर्यंत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांची राजधानी हेच शहर होतं. काचीगुडा, सुलतान बाजार, इसामिया बाजार इथल्या गल्ल्यांत मराठी अजून कानावर पडते, मराठी ग्रंथसंग्रहालय आणि विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था अजून उभी आहेत. या शहराचं बरंवाईट आपल्याला परकं नाही. तिथे मी महापालिकेची कामं बघत फिरलो, पण प्रत्येक ठिकाणी माझ्या मनात एकच प्रश्न होता: इथे पाणी येतं कुठून, आणि जातं कुठे?

पात्रातलं बस स्थानक

एमजीबीएस १९९४ साली सुरू झालं. मूसी जिथे दोन फाट्यांत विभागते तिथल्या बेटावर ते बांधलेलं आहे. रोज हजारो माणसं पूल ओलांडून स्थानकात शिरतात, पण आपण नदीच्या मधोमध उभे आहोत हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही, कारण वर्षातले दहा महिने तिथे नदी म्हणावी असं काही दिसत नाही. काळपट पाण्याची एक धार, जलपर्णी, आणि वास. आता शेजारीच मेट्रोचं मोठं स्थानकही आहे, जिथे दोन मार्ग एकमेकांना छेदतात.

मूसी विकाराबादजवळच्या अनंतगिरी डोंगरात उगम पावते आणि नळगोंडा जिल्ह्यात वाडपल्लीजवळ कृष्णेला मिळते. शहराच्या पश्चिमेला लंगरहौजजवळ तिला ईसी नदी मिळते. त्या संगमावर गांधीजींच्या अस्थी विसर्जित झाल्या, म्हणून तिथे बापूघाट आहे. संगमाच्या वर मूसीवर उस्मानसागर आणि ईसीवर हिमायतसागर. हे दोन जलाशय भरले की दरवाजे उघडावेच लागतात, आणि मग शहरातून जाणारी ती काळपट धार काही तासांत आपलं जुनं पात्र पुन्हा व्यापते. २६ सप्टेंबरच्या रात्री झालं ते एवढंच. नदी नवीन कुठे गेलीच नाही.

हे मी आधीच सांगतोय त्याला कारण आहे. पुढे पात्रातल्या झोपड्यांचा विषय येणार आहे, आणि तो आला की लोक ताडकन म्हणतात, नदीत घर बांधायला सांगितलं कुणी? सरकारने स्वतःचं सर्वात मोठं बस स्थानक जिथे बांधलं, तिथून दगड टाकला तर पडेल एवढ्या अंतरावर या वस्त्या आहेत.

सातशे अठ्ठ्याऐंशी तळी

२८ सप्टेंबर १९०८ ही तारीख हैदराबाद विसरलेलं नाही. त्या दिवशी मूसीला आलेल्या पुरात सुमारे १५ हजार माणसं गेली असं मानलं जातं. अफजल पूल, मुसल्लमजंग पूल आणि चादरघाट पूल मोडले, १५७८ सालचा पुराना पूल तेवढा टिकला. शायर अमजद हैदराबादी यांनी त्या पुरात आई, बायको आणि मुलगी गमावली. अफजलगंजला, आजच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात, एक चिंचेचं झाड आहे. त्याच्या फांद्यांवर चढून दीडशेच्या आसपास माणसं वाचली. ते झाड अजून उभं आहे आणि दरवर्षी त्या तारखेला काही नागरिक तिथे जमतात.

पुढच्या वर्षी निजामाने एम. विश्वेश्वरय्या यांना बोलावलं. आपल्याला ते परके नाहीत. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकलेले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिक-पुण्याला वर्षानुवर्षं नोकरी केलेले, खडकवासल्याला १९०३ साली आपले स्वयंचलित दरवाजे बसवलेले हे अभियंते. त्यांनी मूसीचं खोरं पायाखाली घातलं आणि त्यांना जे आढळलं ते आजही महापालिकेच्या प्रत्येक अभियंत्याने पाठ करावं असं आहे. खोऱ्यात ७८८ तळी होती. त्यातली २२१ त्या पावसात फुटली. म्हणजे पूर फक्त आभाळातून आला नव्हता. वरचं तळं फुटलं, त्याचं पाणी खालच्यात आलं, तेही फुटलं, आणि असं करत करत सगळ्यांचं मिळून पाणी एका रात्रीत शहरावर चालून आलं.

त्यांनी सुचवल्याप्रमाणे उस्मानसागर १९२०मध्ये आणि हिमायतसागर १९२७मध्ये पुरा झाला. १९१२मध्ये शहर सुधारणा मंडळ स्थापन झालं. नदीला दगडी भिंती बांधल्या गेल्या, काठावर उच्च न्यायालय, उस्मानिया रुग्णालय अशा देखण्या इमारती उठल्या. शंभर वर्षं शहराने त्या व्यवस्थेवर काढली. १९९६च्या १११ क्रमांकाच्या शासन आदेशाने या दोन जलाशयांभोवतीच्या ८४ गावांत मोठ्या बांधकामांना बंदी होती. २०२२मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवायचा निर्णय घेतला. माझ्या मते गेल्या काही वर्षांत या शहरासाठी घेतलेल्या निर्णयांत हा सर्वात घातक आहे, कारण मूसीला येणारं पाणी वाढवायचं की कमी करायचं हे त्या गावांतल्या जमिनीवर ठरतं.

नाला आणि त्याचे मालक

हैदराबाद ग्रॅनाइटच्या खडकावर बसलं आहे. पाऊस पडला की पाणी मुरायला वेळ लागतो, ते धावतं. म्हणून कुतुबशाहीच्या आधीपासून इथल्या लोकांनी उतारावर एकाखाली एक तळी बांधली. आपल्याकडे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात माठांची उतरंड असायची तशी. वरचं तळं भरलं की सांडव्यावरून पाणी चरात पडायचं आणि चर त्याला खालच्या तळ्यात नेऊन सोडायचा. १५६२च्या सुमारास बांधलेला हुसेनसागर या रचनेतला मोठा माठ. त्यात कुकटपल्ली, पिकेट, बंजारा आणि बलकापूर असे चार नाले येतात, आणि त्याच्या सांडव्याचा नाला अशोकनगरवरून पुढे मूसीला मिळतो.

तळी गेली तशी शहराची पंचाईत सुरू झाली. मासाब टँकच्या जागी आज बाग आणि इमारती आहेत. जिथे तळं होतं तिथे वसाहत आली, पण पाण्याला ते कुणी सांगितलं नाही, ते त्याच चराने येत राहिलं. त्या चरावरही घरं चढली. सांडपाण्याच्या नळांना दुसरी वाट नव्हती म्हणून तेही चरात सोडले गेले. नाला म्हणून आपण आज जे बघतो ते म्हणजे पावसाचं आणि घराघरातलं पाणी एकत्र वाहून नेणारी एक गटार. नाला खाली जाईल तसा रुंद होत जायला हवा, कारण त्याला बाजूचे ओघळ मिळत जातात. इथे तो दाट वस्तीत शिरला की अरुंद होतो. पाणी मग रस्त्यावर येतं.

ऑगस्ट २०००च्या पुरानंतर किर्लोस्कर कन्सल्टंट्सकडून नाल्यांचा आराखडा करून घेतला गेला. २००३मध्ये अहवाल आला. नाले रुंद करा, हे त्याचं सार. सतरा वर्षांनी, १३ ऑक्टोबर २०२०ला घटकेसरच्या बाजूला एका दिवसात तीसहून अधिक सेंटिमीटर पाऊस झाला आणि जुन्या शहराच्या दक्षिणेला तळ्यांचे बांध फुटले. अल जुबैल कॉलनी, हाफिजबाबानगर इथे पहिला मजला बुडेल इतकं पाणी कित्येक दिवस राहिलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शहराच्या उत्तर भागात एक शाळकरी मुलगी उघड्या नाल्यात वाहून गेली होती. मग २०२१मध्ये नाल्यांसाठी स्वतंत्र कार्यक्रम आखला गेला, हजार कोटींच्या घरातला. काही ठिकाणी नाले रुंद झाले, काही ठिकाणी सिमेंटचे बंदिस्त नाले झाले, काही ठिकाणी बाजूच्या भिंती उभ्या राहिल्या. ज्या वस्त्यांत हे काम झालं तिथे फरक पडला आहे. जिथे एका घराचा, एका दुकानाचा वाद सुटला नाही तिथे काम अर्धं थांबलं, आणि मधला एक तुकडा अरुंद राहिला की वरच्या रुंदीचा उपयोग होत नाही.

आणखी एक काम गेल्या दोन वर्षांत दिसतं. राजभवन रस्त्यासारख्या हमखास तुंबणाऱ्या जागी रस्त्याकडेला जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधल्या आहेत. रस्त्यावरचं पाणी आधी टाकीत उतरतं आणि पाऊस ओसरला की पंपाने नाल्यात सोडलं जातं. मध्यम पावसात त्या कामाला येतात. मोठ्या पावसात भरून जातात. त्यांच्यावर टीका करणं सोपं आहे, पण अर्ध्या तासाच्या सरीत गुडघाभर पाण्यातून स्कूटर ढकलणाऱ्या माणसाला विचारलं तर तो टाकीच्या बाजूनेच बोलेल.

खरी मेख देखभालीत आहे. पावसाळ्याआधी नाल्यातला गाळ काढायचा, हे मुंबईत जसं दरवर्षी गाजतं तसं इथेही. यंत्र गाळ काढून काठावर टाकतं. तो उचलून न्यायला गाडी वेळेवर आली तर ठीक, नाहीतर पहिल्या सरीबरोबर तो परत आत. आणि हे कुणी करायचं? नाला महापालिकेचा. त्यातलं सांडपाणी जलमंडळीचं, म्हणजे पाणीपुरवठा आणि सांडपाणी मंडळाचं. तळी पाटबंधारे खातं, हैदराबाद महानगर विकास प्राधिकरण आणि महापालिका यांच्यात वाटलेली. अतिक्रमण आणि आपत्ती पाहायला २०२४पासून हायड्रा ही यंत्रणा. नदीसाठी २०१७पासून स्वतंत्र महामंडळ. २००७ साली बारा नगरपालिका आणि आठ ग्रामपंचायती जोडून सुमारे ६५० चौरस किलोमीटरची बृहन् हैदराबाद महापालिका झाली तेव्हा सगळं एका छताखाली येईल अशी आशा होती. १५० वॉर्ड झाले, २०२३मध्ये प्रत्येक वॉर्डाला कार्यालयही मिळालं. वॉर्ड कार्यालयात तक्रार घेतात, नोंदवतात, पण तुंबलेलं पाणी या सहा दारांतून कुठल्या दाराचं आहे हे ठरेपर्यंत ते ओसरून गेलेलं असतं.

अंबरपेटचं तळं

बतुकम्मा कुंट्याला जायला काचीगुड्याहून रिक्षा पुरते. दाट वस्तीतून जाताना मधेच जागा मोकळी होते आणि पाणी दिसतं. भोवती चालायला वाट, बसायला कट्टे, मुलांसाठी खेळणी. महापालिकेच्या कुठल्याही उद्यानात असतं तसं. मला मात्र पाण्यापाशी थांबायचं होतं.

जुन्या मोजणीत हा कुंटा सुमारे १४ एकरांचा होता. उरला पाच एकरांच्या आसपास. बाकीच्यावर घरं आहेत, आणि हायड्राने त्या घरांना हात लावला नाही. उरलेल्या जागेवरचा राडारोडा उपसला. फेब्रुवारी २०२५मध्ये खोदकाम सुरू झालं तेव्हा काही फुटांवरच पाणी लागलं. जलवाहिनी फुटली असेल अशी शंका काहींनी काढली, हायड्राने ते भूजल असल्याचं सांगितलं. काँग्रेसचे ज्येष्ठ नेते व्ही. हनुमंतराव या तळ्यासाठी अनेक वर्षं भांडत होते. जागेवर खाजगी मालकी सांगणारेही आहेत आणि ते प्रकरण न्यायालयात आहे.

हायड्राबद्दल शहरात दोन टोकांची मतं ऐकू येतात, आणि दोन्हींना आधार आहे. जुलै २०२४मध्ये ही यंत्रणा स्थापन झाली, आयपीएस अधिकारी ए. व्ही. रंगनाथ तिचे आयुक्त झाले. २४ ऑगस्टला त्यांनी माधापूरच्या तम्मिडीकुंटा तळ्यालगतचं एन कन्व्हेन्शन हे अभिनेते नागार्जुन यांचं सभागृह पाडलं. जागा पट्ट्याची आहे आणि न्यायालयाची स्थगिती आहे असं नागार्जुन यांचं म्हणणं होतं. मोठ्या माणसाच्या इमारतीवर यंत्र चाललं म्हणून शहर खूष झालं. दोनच आठवड्यांत सुन्नम चेरुवू तळ्याजवळ साध्या माणसांची घरं आणि शेड पडल्या तेव्हा सूर बदलला. सप्टेंबरअखेर अमीनपूरमधल्या रविवारच्या पाडकामावरून तेलंगणा उच्च न्यायालयाने आयुक्तांना खडे बोल सुनावले. सुट्टीच्या दिवशी, माणसाला न्यायालयात जायला सवड न देता पाडकाम कशासाठी?

तळ्याची जी ओळ इथे महत्त्वाची असते तिला एफटीएल म्हणतात: तळं सांडव्यापर्यंत भरलं की पाणी जिथवर पोहोचतं ती हद्द. तिच्या बाहेर काही मीटरचा मोकळा पट्टा. अडचण अशी की तळ्याच्या बुडातली जमीन उन्हाळ्यात कोरडी पडते आणि पूर्वी तिथे शेती व्हायची. त्या शेतीचे कागद आहेत. त्या कागदांवर भूखंड पडले, भूखंडांवर नोंदणी झाली, नोंदणीवर बँकेने कर्ज दिलं, महापालिकेने घरपट्टी घेतली, वीज मंडळाने मीटर बसवला. वीस वर्षं हप्ते भरणाऱ्या माणसाला एक दिवस कुणीतरी सांगतं, तुझं घर तळ्यात आहे. त्याने हे कागद बघूनच घर घेतलेलं असतं. शिक्का मारणाऱ्यांपैकी कुणाचंही काही पडत नाही.

म्हणून बतुकम्मा कुंट्याचं काम मला मोलाचं वाटतं. घरांना हात न लावता उरलेलं तळं वाचवलं, आणि पुराच्या दिवसांत भोवतीच्या गल्ल्यांचं पाणी झेलायला शहराला एक पोट मिळालं.

उद्घाटनाच्या आठवड्यात तिथे बतुकम्मा खेळली गेली. देगलूर, धर्माबाद, किनवटच्या आणि सोलापूरच्या वाचकांना हा सण सांगायला नको. इतरांसाठी: भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस बायका तंगेडू, गुनुगू, झेंडू अशी फुलं गोल थरांत रचतात, मधे गौरी बसवतात आणि टाळ्या वाजवत भोवती फेर धरतात. आपला भोंडला याच दिवसांतला. शेवटच्या संध्याकाळी ही फुलं पाण्यात सोडायची असतात. त्यासाठी तळं लागतं. अंबरपेटच्या बायकांना इतकी वर्षं त्यासाठी दुसरीकडे जावं लागत होतं.

लाल रंगाची अक्षरं

चादरघाटच्या खाली मूसानगर आणि शंकरनगर या वस्त्या आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२४मध्ये महसूल खात्याची पथकं इथे आली आणि घरांच्या भिंतींवर लाल रंगात आरबी-एक्स अशी अक्षरं लिहून गेली. नदीपात्रातलं घर, अशी ती खूण. मूसी नदीकाठ विकास प्रकल्पाचा हा पहिला दृश्य भाग. प्रकल्प शहरातल्या सुमारे ५५ किलोमीटर नदीचा आहे, आणि त्याची सुरुवात वरच्या जलाशयांपासून बापूघाटापर्यंतच्या पट्ट्यात व्हायची आहे.

काही कुटुंबं राजीखुशीने गेली. मलकपेटच्या पिल्लीगुडिसेलूसारख्या वसाहतींत त्यांना दोन बेडरूमचे फ्लॅट मिळाले. पत्र्याच्या घरातून पक्क्या घरात, नळाला पाणी, पुराची भीती नाही. ज्यांनी दर दोन-तीन वर्षांनी पेटी डोक्यावर घेऊन पळ काढला आहे त्यांच्यासाठी हे मोठं आहे. काही जायला तयार नव्हती, कारण घरच्या बायका शेजारच्या वस्त्यांत धुणीभांडी करतात, पुरुष मंडईत हमाली करतात, मुलं चालत शाळेत जातात. ज्यांना फ्लॅट लांब मिळणार होता त्यांचं रोजचं गणित बसत नव्हतं. भाडेकरूंचा प्रश्न वेगळाच, कारण कागदावर ते तिथे राहतच नव्हते. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि नोव्हेंबर २०२४मध्ये न्यायालयाने सांगितलं, आधी सामाजिक-आर्थिक पाहणी करा, पुनर्वसन करा, कायद्याने जा.

सप्टेंबर २०२५च्या पुराने सरकारच्या हाती मोठं कारण दिलं आहे. याच वस्त्यांत पाणी शिरलं, माणसं हलवावी लागली. पात्रात कुणी राहू नये हे मला मान्य आहे. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा पुण्यात काठावरच्या पेठांचं काय झालं, आणि २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मिठीकाठी काय झालं, हे आपण विसरलेलो नाही. पण क्रम महत्त्वाचा आहे. आधी घर, त्याच भागात, कामाच्या जवळ, भाडेकरूसकट. मग रंगाचा डबा. हैदराबादेत डबा आधी आला.

आणि माझी दुसरी तक्रार जास्त मोठी आहे. नदीकाठ सुशोभित करायची सुरुवात नदीपासून होऊ शकत नाही. मूसीत जे वाहतं ते कुकटपल्लीपासून अंबरपेटपर्यंतच्या नाल्यांतून येतं. २०२१पासून ३१ नवी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं हाती घेतली गेली आणि ते काम खरोखर मोठं आहे. मात्र घरातला नळ केंद्रापर्यंत पोहोचला नाही, नाल्यातच सुटला, तर पुढे केंद्र कितीही मोठं असो, उपयोग नाही. पुण्यात मुळा-मुठेच्या काठावर आपण हाच वाद घालत आहोत.

बाप्पा आणि क्रेन

महापालिकेचा कारभार एकाच दिवसात बघायचा असेल तर अनंत चतुर्दशीला हुसेनसागरावर जावं. २०२५मध्ये ती ६ सप्टेंबरला होती.

खैरताबादचा गणपती १९५४ साली सिंगरी शंकरय्या यांनी बसवला, टिळकांपासून प्रेरणा घेऊन. पहिली मूर्ती एक फुटाची. मग दरवर्षी एकेक फूट वाढवत २०१४मध्ये साठ फुटांपर्यंत गेली. २०२५मध्ये ६९ फूट. २०२२पासून ती मातीची घडवतात, आणि एवढ्या उंचीची मातीची मूर्ती ट्रेलरवरून मेट्रोखालून तळ्यापर्यंत नेणं हे चालकाचं, विद्युत विभागाचं आणि वाहतूक पोलिसांचं मिळून कसब आहे. दक्षिणेकडून बालापूरचा गणपती येतो. निघण्याआधी त्याच्या लाडूचा लिलाव होतो. १९९४मध्ये पहिला लाडू ४५० रुपयांना गेला, २०२५मध्ये ३५ लाखांना. ते पैसे गावच्या कामांसाठी वापरले जातात.

तळ्याकाठी एनटीआर मार्गावर आणि टँक बंडवर क्रेनची रांग असते. मूर्ती पट्ट्यात अडकवायची, वर उचलायची, पाण्यावर न्यायची, हूक सोडायचा, पुढची गाडी. क्रेनवाल्यांना रात्रभर उसंत नसते. त्यांच्या मागोमाग पाण्यातले सांगाडे ओढून काढणारी यंत्रं, आणि लोखंड, लाकूड, काथ्या भरून जवाहरनगरच्या कचरा डेपोकडे निघणारे ट्रक. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रस्ते झाडून झालेले असतात. हे झाडणारी माणसं, त्यात बायका जास्त, तीन पाळ्यांत काम करतात, आणि त्यांची संख्या दहा हजारांवर असते. विसर्जनाच्या सगळ्या चित्रणात त्या फारशा दिसत नाहीत.

सप्टेंबर २०२१मध्ये उच्च न्यायालयाने हुसेनसागरात प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती सोडायला मनाई केली. त्या वर्षापुरती सर्वोच्च न्यायालयाने मोकळीक दिली. महापालिका दरवर्षी वस्त्यावस्त्यांत कृत्रिम तलाव करते. लोक त्यांना बेबी पाँड म्हणतात. २०२५मध्ये ते सत्तरच्या वर होते, काही कायमचे बांधलेले, काही खड्डा खणून प्लास्टिक अंथरलेले. घरगुती मूर्तींची गर्दी तिथे खरोखर वाढली आहे. मंडळांच्या मोठ्या मूर्ती मात्र अजून हुसेनसागरातच जातात.

पाच रुपये

२०१४च्या मार्चमध्ये महापालिकेने हरे कृष्ण मूव्हमेंट चॅरिटेबल फाउंडेशनबरोबर पाच रुपयांत दुपारचं जेवण सुरू केलं. भात, सांबार, भाजी, लोणचं. रुग्णालयांपाशी, मजुरांच्या नाक्यांवर, बस थांब्यांजवळ ही केंद्रं आहेत. एका ताटाचा खर्च २९ रुपये ८३ पैसे, त्यातले २४ रुपये ८३ पैसे महापालिका भरते. २०२५मध्ये नाव बदलून इंदिरम्मा कँटीन झालं, त्यावरून राजकारण पेटलं. न्याहारीला खर्च १९ रुपये, महापालिकेचे १४. इडली, उपमा, पोंगल, पुरी, त्यात भरड धान्याचे पदार्थ. शहरातल्या सगळ्या कामांत मला निर्विवाद चांगलं वाटलेलं काम हेच. रात्रभर नातेवाइकाच्या खाटेपाशी बसलेला माणूस सकाळी पाच रुपयांत पोटभर खाऊन परत आत जातो.

पुढचं पाणी

८ सप्टेंबर २०२५ला गोदावरीच्या पाण्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याची पायाभरणी झाली. ७ हजार ३६० कोटींची योजना. मल्लन्नसागरातून २० टीएमसी पाणी आणायचं, त्यातलं अडीच टीएमसी मूसी जिवंत ठेवण्यासाठी उस्मानसागर आणि हिमायतसागरमार्गे नदीत सोडायचं. बाभळीच्या बंधाऱ्यावरून ज्या गोदावरीसाठी नांदेडकर २०१३पर्यंत सर्वोच्च न्यायालयात लढले, तिचंच पाणी पुढे खाली उचलून एका राजधानीच्या नदीत ओतलं जाणार आहे. ते स्वच्छ पाणी नाल्यांतून येणाऱ्या सांडपाण्यात मिसळायचं असेल तर योजनेला अर्थ राहणार नाही, हे जलमंडळीच्या अभियंत्यांनाही ठाऊक असणार.

हायड्राने पहिल्या टप्प्यात सहा तळी घेतली. बतुकम्मा कुंटा झाला. माधापूरचे तम्मिडीकुंटा आणि सुन्नम चेरुवू, कुकटपल्ली आणि उप्पलचे दोन नल्लचेरुवू, आणि शिवरामपल्लीचं १७७०च्या सुमारास बांधलेलं बम रुक्नुद्दौला, अशी पाच २०२५मध्ये उरली होती. त्यांची कामं वेगवेगळ्या टप्प्यांवर होती. त्यांच्यात येणाऱ्या नाल्यांची तोंडं सांडपाण्याने भरलेली होती, आणि ती वळवायचं काम हायड्राचं नाही, जलमंडळीचं आहे.